ओबिस्पो म्हणजे पाणी

फादर एलादिओ यांना वसईतून उचलून स्पेनला नेण्यात आलं, ते माझ्या स्पॅनिशमुळे.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलं असलंत तर सोडून द्या; मीही गेली नऊ वर्षं तेच करतोय. फादर आमच्या चर्चमागच्या कौलारू घरात, पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसलेत. संध्याकाळचे पाच वाजलेत. त्यांचं घर सांभाळणाऱ्या नातालीनमावशी त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून त्यांना पेज भरवतायत. आणि मी, ऑर्विल तुस्कानो, वय बावीस, शिक्षण बी.कॉम., उपयोग शून्य, दारात उभा आहे.

“तूच ना रे रेजिनाचा? स्पॅनिशवाला?” मावशींनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

पुढचं सगळं या ‘हो’मधून निघालं.

“मग आत ये की. हे बघ, चार महिने झाले, मी यांच्याशी बोलते, हे माझ्याशी बोलतात, आणि कुणाचं कुणाला कळत नाही. माझ्या नवऱ्याचं पण तसंच होतं, पण तो निदान मराठीत बोलायचा.”

फादर एलादिओ सत्ताविसाव्या वर्षी स्पेनमधल्या कुठल्याशा डोंगरी गावातून आमच्या गावात आले आणि अठ्ठेचाळीस वर्षं इथेच राहिले. शाळेत त्यांनी माझ्या बापाला मराठी व्याकरण शिकवलं होतं. केळीच्या वाडीत पाणी कधी सोडायचं यावर ते लोकांशी भांडायचे, आणि भांडण जिंकायचे. मग जूनमध्ये त्यांना मेंदूचा झटका आला. उजवा हात गेला, इंग्रजी गेलं, मराठी गेलं. उरलं ते लहानपणीचं स्पॅनिश. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मागून शिकलेलं आधी जातं.

आता माझ्या स्पॅनिशबद्दल. दादरला तीन महिन्यांचा क्लास होता. मी एक दिवस गेलो. त्या दिवशी बाईंनी एक झेरॉक्स वाटली. एका बाजूला धडा नववा, चर्चमधली माणसं. दुसऱ्या बाजूला धडा दहावा, मायेचे शब्द. प्रत्येक स्पॅनिश शब्दासमोर त्याचा इंग्रजी प्रतिशब्द. ओबिस्पो, बिशप. कार्देनाल, कार्डिनल. मोन्हा, नन. फ्राइले, फ्रायर. आणि मागे आब्रासो, हग. बेसो, किस. तेर्नूरा, टेंडरनेस. कारिन्यो, अफेक्शन. एकूण अठ्ठावीस. पहिले आठ धडे झालेले असल्यामुळे ‘मी’, ‘तू’, ‘आहे’, ‘नाही’ यांतलं मला काही येत नव्हतं. मला फक्त पाद्री आणि प्रेम येत होतं.

पुढे क्लास संपेपर्यंत मी दादरला जायला निघायचो आणि मित्राच्या वाडीत जाऊन झोपायचो. घरी आई म्हणायची, “बोल ना काहीतरी स्पॅनिश.” मी एका दमात ओबिस्पोकार्देनालमोन्हाफ्राइलेआब्रासो म्हणायचो. आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिने महिला मंडळात सांगितलं, महिला मंडळाने आमच्या पॅरिश प्रीस्टना, म्हणजे फादर कॅजेटनना सांगितलं, आणि त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर वेदीवरून जाहीर केलं, “एक काळी छत्री सापडलेली आहे, ती ऑफिसातून घेऊन जावी. आणि रेजिनाच्या ऑर्विलला स्पॅनिश येतं.”

छत्री कुणी नेली नाही. मला नेलं.

फादर एलादिओंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “पादरे.” तेवढ्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. ते बोलायला लागले. तीन-चार मिनिटं अखंड बोलले. डाव्या हाताने त्यांनी डोंगर दाखवला, बहुतेक बकरी दाखवली, आणि कुणीतरी पडल्याचं दाखवलं. मी मान हलवत राहिलो. यातलं मला कळलं ते एवढंच, की हे स्पॅनिश आहे.

“काय म्हणतात?” मावशींनी विचारलं.

“म्हणतात, बरं वाटतंय.”

“एवढंच? इतका वेळ?”

“स्पॅनिश लांब असतं, मावशी.”

मावशींना ते पटलं. त्यांनी पदराला हात पुसले, भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर काढलं, मागचं पान उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. “आता मला सांग. पाण्याला काय म्हणायचं? यांना तहान लागली की हे ओरडतात. मी कधी उशी आणते, कधी रेडिओ लावते. परवा मी डॉक्टरांनाच बोलावलं.”

त्या क्षणी ‘माहीत नाही’ म्हणायला काय लागतं? मराठीत दोन शब्द. तेही मला आले नाहीत. डोळ्यांसमोर झेरॉक्स आली आणि त्यावरचा पहिला शब्द तोंडातून बाहेर पडला.

“ओबिस्पो.”

मावशींनी लिहिलं. मग गडूतून पेल्यात पाणी ओतलं, फादरांच्या समोर धरलं आणि शाळेतल्या मुलीसारखं ताठ उभं राहून म्हणाल्या, “फादर, ओबिस्पो?”

फादरांनी पेल्याकडे बघितलं. मावशींकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. आणि हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले, असं मावशी नंतर सांगत होत्या. पोट हलेपर्यंत हसले, सगळं पाणी प्यायले आणि रिकामा पेला परत देत म्हणाले, “ओबिस्पो.”

“कळलं रे त्यांना!” मावशींनी क्रुसाची खूण केली. “देवा, कळलं!”

घरी जाऊन मी मोबाइलवर बघितलं. पाण्याला आग्वा म्हणतात. उद्या पहिलं काम हे दुरुस्त करायचं, असं ठरवून मी शांत झोपलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर दारातच मावशी. “अरे, सकाळी उठल्या उठल्या म्हणाले, ओबिस्पो! मी पेला दिला, घटाघटा प्यायले. मी मासळीवालीला सांगितलं, आता मला स्पॅनिश येतं. ती म्हणाली, बोलून दाखव. मी दाखवलं. आता गोळीला काय म्हणतात ते सांग.”

मावशी सदुसष्ट वर्षांच्या होत्या. शाळा चौथीत सुटली होती. आयुष्यात पहिल्यांदा गावात कुणीतरी त्यांना ‘बोलून दाखव’ म्हटलं होतं.

“बेसो,” मी म्हणालो.

पंधरवड्यात झेरॉक्स संपली. संडास कार्देनाल झाला, पेज तेर्नूरा. खिडकी मोन्हा. अंगावरची गोधडी आब्रासो. हा एक शब्द त्यातल्या त्यात जरा आसपास पडला. साक्रिस्तान म्हणजे खरं तर चर्चची घंटा वाजवणारा, मेणबत्त्या लावणारा माणूस. पण मावशींनी विचारलं तेव्हा माझ्या कानाशी डास होता. त्यामुळे फादर संध्याकाळी दंडावर चापट मारून “साक्रिस्तान!” असं ओरडायचे आणि मावशी कासवछाप लावायच्या. ‘दुखतंय’ याला पारोको द्यावा लागला, म्हणजे पॅरिश प्रीस्ट. फादर गुडघा धरून “पारोको, पारोको” असं कण्हायचे. फादर कॅजेटनना स्पॅनिश येत नव्हतं, पण हा एवढा शब्द त्यांना माहीत होता. म्हातारा आपली आठवण काढतो म्हणून ते गहिवरायचे.

शेवटचा शब्द मावशींनी जरा लाजतच विचारला. आमच्याकडे संध्याकाळची रोजरीची प्रार्थना झाली की लहानांनी मोठ्यांसमोर हात जोडायचे आणि आशीर्वाद मागायचा. मावशी पंचवीस वर्षं रोज फादरांकडे मागत होत्या. जूनपासून नुसतेच हात जोडत होत्या. “ते मागायचं कसं, त्यांच्या भाषेत?”

पानावर मायेचा एकच शब्द शिल्लक होता. “कारिन्यो.”

त्या संध्याकाळी मावशींनी हात जोडले आणि म्हणाल्या, “फादर, कारिन्यो.” फादरांनी डावा हात उचलायला बराच वेळ घेतला. मला वाटलं, झटक्याचा परिणाम.

आता इथे थांबलं असतं तर मी आज तुम्हाला स्पॅनिशचा शिक्षक म्हणून भेटलो असतो. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फादर कॅजेटनांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक पत्र होतं.

“बस. एलादिओंच्या संस्थेचा माणूस येतोय, स्पेनहून. फादर ओस्कार. त्यांचं म्हणणं, म्हाताऱ्याची भाषा जिथे कुणाला कळत नाही तिथे त्याला ठेवणं बरोबर नाही. तिकडे त्यांचं वृद्ध पाद्र्यांसाठी घर आहे, डॉक्टर आहेत.”

“मग?”

“मग काय! मी कळवलंय, आमच्याकडे स्पॅनिश जाणणारा तरुण आहे, रोज येतो. आणि सांभाळणाऱ्या बाईसुद्धा शिकल्यात. त्यांचं उत्तर आलं, असं असेल तर प्रश्नच नाही, राहू देत. फक्त एकदा येऊन बघतील.” त्यांनी माझा खांदा थोपटला. “आपला माणूस तुझ्यामुळे राहतोय, ऑर्विल.”

मी पाणी मागितलं. मराठीत.

हातात सहा दिवस होते. मी सरळ मावशींकडे गेलो. “मावशी, एक सुधारणा आलीय. पाण्याला आता आग्वा म्हणायचं.”

“सुधारणा? कुणी आणली?”

“स्पेनमध्ये बदललंय.”

“बरं.” मावशींनी पेला भरला. “फादर, आग्वा?”

फादरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग डाव्या हाताचं बोट वर करून, माझ्या बापाला व्याकरण शिकवताना करत असतील तसं हलवलं. “नो, नो,” ते म्हणाले. “ओबिस्पो.”

“बघ!” मावशी म्हणाल्या. “त्यांनाच विचार की. तू कुठे शिकलास काय की. त्यांच्या आईची भाषा आहे.”

मी अजून तीन शब्द करून बघितले. तिन्ही वेळा बोट वर. फादरांचं सगळंच गेलंय, असं मला तेव्हा वाटलं. माझ्या चुका त्यांच्या डोक्यात खऱ्या शब्दांच्या जागी जाऊन बसल्या आहेत, आणि एका म्हाताऱ्या माणसाजवळ उरलेली शेवटची भाषाही मी खराब करून ठेवली आहे, असं वाटलं. त्या आठवड्यात मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण भातावर दुसऱ्यांदा आमटी घेतली नाही. आईने डॉक्टरचं नाव काढलं.

फादर ओस्कार आले ते टीशर्टात. पस्तिशीचे, लाल झालेलं नाक, खिशात छोटी वही. इंग्रजी चांगलं. पडवीत आम्ही सगळे उभे होतो. फादर कॅजेटन झग्यात, मावशी लग्नाकार्याच्या लुगड्यात, मी घामात. ओस्कार थेट फादर एलादिओंसमोर जमिनीवर मांडी घालून बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि बोलायला लागले.

आणि फादर बोलले. वीस मिनिटं. पुन्हा तो डोंगर आला, ती बकरी आली, कुणीतरी पडलं. ओस्कार हसले, त्यांनी काहीतरी विचारलं, फादरांनी उत्तर दिलं, पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर. ती बकरी नव्हतीच, गाढव होतं. ओस्कारनी ओरडून दाखवल्यावर मला कळलं. दोन महिने मी त्या गाढवाचं ‘बरं वाटतंय’ असं भाषांतर करत होतो. फादरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं सोडून ते बोलत होते. मावशी माझ्या कानाशी आल्या.

“हे इतकं बोलतात?”

“हो.”

“मग तुझ्याशी का नाही बोलत?”

तेवढ्यात फादरांचा घसा सुकला. त्यांनी वाक्य अर्धं सोडलं, मावशींकडे वळले आणि म्हणाले, “ओबिस्पो.”

मावशी तयारच होत्या. पेला आला. फादर प्यायले.

ओस्कारांच्या भुवया वर गेल्या. ते माझ्याकडे वळले. “त्यांना बिशप हवेत. या बाईंनी पाणी का दिलं?”

“रिवाज आहे,” मी म्हणालो. “बिशप येईपर्यंत आमच्याकडे पाणी देतात.”

ओस्कारांनी वहीत लिहिलं. घड्याळात साडेपाच झाले. साडेपाचला गोळी असते. मावशी पाहुण्यांसमोर आपलं शिक्षण दाखवायची संधी सोडणार नव्हत्या. लुगडं सावरत त्या फादरांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळ्या पडवीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “फादर, बेसो!”

फादरांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

ओस्कारांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. फादर कॅजेटन मला हळूच म्हणाले, “काय म्हणाल्या रे?” मी म्हणालो, “औषधाचं.” मावशींनी जिभेवर गोळी ठेवली. फादरांनी ती गिळली, गुडघा धरला, “पारोको” म्हणून कण्हले. फादर कॅजेटन गहिवरून पुढे झाले. मावशींनी त्यांना बाजूला सारलं आणि गुडघ्याला तेल लावलं. मग फादर घाईने “कार्देनाल, कार्देनाल!” म्हणाले आणि मावशींनी त्यांना काखेत धरून आत नेलं. आतून कडीचा आवाज आला.

ओस्कार बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. “कार्डिनल आत आहेत?” त्यांनी विचारलं.



फादर परत येऊन बसले तेव्हा ओस्कारनी वाकून त्यांच्या कानाशी हळूच काहीतरी विचारलं. फादरांनीही हळूच उत्तर दिलं, दोन-तीन वाक्यांत, आणि बोलताना एकदा मावशींकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. ओस्कारनी मान हलवली. वही मिटली, खिशात ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, संपलं. म्हातारा पूर्ण भ्रमिष्ट झालाय, असं त्यांनी लिहिलंय, आणि हे माझ्यामुळे.

आणि मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो.

“ते वेडे नाहीत,” मी इंग्रजीत म्हणालो, मग मावशींना कळावं म्हणून मराठीत म्हणालो. “चूक माझी आहे. मला स्पॅनिश येत नाही. मला फक्त अठ्ठावीस शब्द येतात. ओबिस्पो म्हणजे पाणी नाही. बेसो म्हणजे गोळी नाही. एकही शब्द बरोबर नाही. मी सगळं बनवलं.” मला खूप थोर वाटत होतं. आवाजसुद्धा जरा थरथरला, तो मी थांबवला नाही.

फादर एलादिओंनी डोळे मिटून घेतले.

ओस्कार उठले. “हे मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय?”

“मी आत्ता त्यांना विचारलं, तुम्ही पाण्याला बिशप का म्हणता. ते म्हणाले, या घरात पाण्याला तसंच म्हणतात. म्हणाले, मुलाला स्पॅनिश येत नाही, पण हे बाईंना सांगू नका. त्यांना फार हौस आहे.” ओस्कारनी चेहऱ्यावरून हात फिरवला. “मी लिहिणार होतो, बाईंना कामापुरते शब्द येतात आणि दोघांचं उत्तम चालतं. त्यात खोटं काही नव्हतं. मी तुमच्याबद्दल काही विचारणारच नव्हतो. आता तुम्ही साक्षीदारांसमोर सांगितलंत की इथे कुणालाच स्पॅनिश येत नाही. हे मला वर कळवावं लागेल.”

फादर कॅजेटननी मला हाताला धरून विहिरीपाशी नेलं. रागाने त्यांचं टक्कल लाल झालं होतं. “कन्फेशन कधी असतं?”

“शनिवारी. चार वाजता.”

“आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“अरे, दोन दिवस थांबला असतास! कन्फेशनच्या पेटीत येऊन मला सांगितलं असतंस, तर मला जन्मात कुणाला सांगता आलं नसतं. त्या ओस्कारना सांगितलं असतंस, तर त्यांनाही नसतं सांगता आलं! दोन पाद्री समोर उभे असताना तू पडवीत कबुली देतोस? लहानपणी कॅटेकिझमच्या वर्गात काय झोपा काढत होतास?”

होतो. पण तेही मी तेव्हा सांगितलं नाही, गुरुवार होता.

पडवीत परत आलो तेव्हा मावशी पायरीवर बसल्या होत्या. कॅलेंडरचं पान मांडीवर. मला वाटलं, आता चप्पल येईल. मी चपलेच्या अंतरात जाऊन उभा राहिलो.

“पाण्याला काय म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“आग्वा.”

“आणि त्या दिवशी मी आग्वा म्हटलं, तर त्यांनी नाही म्हटलं.”

“हो.”

मावशींनी पानावरून बोट फिरवलं. “म्हणजे मला चुकीचं येतंय हे त्यांना माहीत होतं. माझ्यासाठी त्यांनी स्वतःची भाषा बिघडवून घेतली.” पानाची घडी घालत म्हणाल्या, “आणि तू, मेल्या, ती पण दुरुस्त करायला निघालास.”

चप्पल आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं.

जानेवारीत फादरांना न्यायला गाडी आली. अख्खा गाव चर्चच्या आवारात. सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, इतक्या पुड्या बांधून आल्या होत्या की फादरांच्या व्हीलचेअरला जागा उरेना. मावशी सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. फादरांनी हाताने गर्दी दूर करायला सांगितली. मावशी समोर आल्या, हात जोडले, आणि गप्प उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बोलायला शब्द नव्हता. होते ते अठ्ठावीस मी काढून घेतले होते.

मग फादरच म्हणाले, “कारिन्यो.” आणि डावा हात त्यांनी मावशींच्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

फादर ओस्कार माझ्या शेजारी उभे होते. “तुमच्या यादीत याचा अर्थ काय आहे?” त्यांनी विचारलं.

“आशीर्वाद,” मी म्हणालो. “पण इथे तुमच्या पुस्तकातला घ्या.”

फेब्रुवारीत ओस्कारांची ईमेल आली. तिथल्या घरात सगळे स्पॅनिश बोलतात. फादर सगळ्यांशी छान बोलतात, गाढवाची गोष्ट सांगतात. पण तहान लागली की ओबिस्पो म्हणतात आणि दुसरा शब्द वापरायला तयार नाहीत. तिथल्या सिस्टरांना वाटलं, यांना शेवटचं काही बोलायचंय. त्यांनी साठ किलोमीटरवरून खरोखरचे बिशप आणले. फादरांनी त्यांना विचारलं, पेला कुठे आहे. ओस्कारनी माझी यादी मागितली होती. मी पाठवली. ती त्यांनी खोलीत लावली, स्पॅनिशचं स्पॅनिशमध्ये भाषांतर म्हणून. पाण्याचं जमलं. पण साडेपाचच्या गोळीला सिस्टर तो शब्द म्हणायला लाजतात, आणि तो म्हटल्याशिवाय फादर तोंड उघडत नाहीत. दाराकडे बघत बसतात.

ईमेल मी मावशींना वाचून दाखवली. या वेळी जसं लिहिलं होतं तसंच भाषांतर केलं. त्यांनी पोळपाट बाजूला ठेवला.

“मला तिकडे जायला काय लागतं रे?”

“पासपोर्ट. व्हिसा.”

“मग बस. लिही.”

पासपोर्ट झाला. व्हिसाच्या फॉर्मवर ‘प्रवासाचा हेतू’ या चौकटीत आम्ही दोघं एक अख्खी सकाळ अडकलो. नातेवाईक? नाही. पर्यटन? मावशी म्हणाल्या, मला काही बघायचं नाही. नोकरी? तिथे सिस्टर आहेत. शेवटी मी वेगळा अर्ज जोडला. तो एका शनिवारी पाठवला. उत्तर आलं नाही. फादर एलादिओ त्याच वर्षी, ईस्टरच्या आदल्या आठवड्यात गेले. मी मावशींना म्हणालो, अर्ज मागे घेऊ या. त्या म्हणाल्या, “राहू दे. आपण कशाला घ्यायचा? त्यांना नाही म्हणायचं तर म्हणू देत.” कुणी नाही म्हटलेलं नाही. नऊ वर्षं अर्ज विचाराधीन आहे. मजकूर असा:

प्रति,
माननीय व्हिसा अधिकारी.

विषय: दुभाषी या वर्गात प्रवेश मिळण्याबाबत.

महोदय,

अर्जदार श्रीमती नातालीन पावलू डाबरे, वय ६७, शिक्षण चौथी, यांना स्पॅनिश भाषेतील अठ्ठावीस शब्द अवगत असून ते सर्व चुकीचे आहेत. सदर शब्द शिकवणारी व्यक्ती अपात्र असल्याचे तिने साक्षीदारांसमोर मान्य केले आहे. हे शब्द ज्यांना याच अर्थाने कळतात अशी जगात दुसरी एकच व्यक्ती असून ती सध्या आपल्या देशात वास्तव्यास आहे व तिला औषध घेण्यात अडचण येत आहे. आपल्या देशातील तज्ज्ञांना शुद्ध स्पॅनिश येत असल्यामुळे ते या कामी उपयोगी नाहीत. तरी अर्जदारांना सदर व्यक्तीच्या खुर्चीशेजारी, सायंकाळी साडेपाचच्या आत पोहोचता येईल अशा बेताने, मुदतीची अट न घालता प्रवेश द्यावा, आणि आपला निर्णय सदर व्यक्तीस तहान लागण्यापूर्वी कळवावा, ही नम्र विनंती.